वीतभर उंचीचा सैनिक

युद्धाचा इतिहास आपल्यापर्यंत अनेक वाटांनी येतो. बखरी, खलिते, तहनामे, सेनापतींची आत्मचरित्रे, किल्ल्यांचे ढासळलेले बुरूज आणि गावाबाहेरचे वीरगळ ही त्याची मान्य साधने होत. या साधनांच्या पंक्तीत आणखी एका लहानशा वस्तूला पाट मांडावा, असे मला सुचवावयाचे आहे. ती वस्तू म्हणजे सैनिकाची छोटी मूर्ती. शिशाचा, मातीचा किंवा लाकडाचा शिपाई म्हटला की तो लहान मुलांचा खेळ, अशी आपली समजूत असते. परंतु या खेळण्याची वंशावळ चाळून पाहिली तर तिच्यात राजे सापडतात, मंत्री सापडतात, कर्जबाजारी झालेला एक लेफ्टनंट सापडतो. आणि शेवटी, पुष्कळ शोधल्यावर, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप असावयास हवा होता तो साधा शिपाईही सापडतो.

आज या मूर्तीने धारण केलेले सर्वांत प्रगत रूप म्हणजे मोठ्या प्रमाणातील रेझिनची सैनिकमूर्ती. रेझिन म्हणजे रसायनांपासून तयार होणारी कृत्रिम राळ. पुठ्ठ्याची पेटी उघडली की आत राखी किंवा पिवळसर रंगाचे दहा-वीस तुकडे निघतात. धड निराळे, पाय निराळे, दोन हात, डोके, टोपी, बंदूक, पाठीवरची पडशी, पाण्याचा चंबू, सारे सुटे. रंगाचा कोठे ठिपका नाही. हे तुकडे जोडून आणि रंगवून जी मूर्ती उभी राहते तिची उंची पुष्कळदा २०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर असते. यूरोपात, अमेरिकेत, जपानात आणि थोड्याफार प्रमाणात आपल्याकडेही प्रौढ माणसे या उद्योगात महिने घालवितात.

या वीतभर मूर्तीपर्यंतचा प्रवास पाहताना एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते. सैनिकाची मूर्ती ज्या उंचीची असेल, तसा प्रश्न ती इतिहासाला विचारते. नखाएवढा शिपाई विचारतो, ‘मी कोठे उभा होतो?’ बोटाएवढा शिपाई विचारतो, ‘मी काय ल्यालो होतो?’ आणि वीतभर उंचीचा शिपाई विचारतो, ‘मी कोण होतो?’ हे तीन प्रश्न क्रमाने कसे उभे राहिले आणि त्यांची उत्तरे देताना माणसे कोठे अडखळली, तेच आज आपण पाहू.

या वंशावळीचा मूळपुरुष आपल्याला ईजिप्तमध्ये भेटतो. नाईल नदीकाठच्या असयूत या प्रांताचा मेसेहती नावाचा एक अधिकारी सुमारे चार हजार वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याच्या थडग्यात रंगविलेल्या लाकडी सैनिकांच्या दोन तुकड्या सापडल्या. एका तुकडीत भाले आणि ढाली घेतलेले चाळीस ईजिप्शियन, तर दुसरीत धनुष्यबाण घेतलेले चाळीस न्यूबियन, असे ते ऐंशी जण कैरोच्या वस्तुसंग्रहालयात गेले. धन्याचे परलोकात रक्षण करणे हे त्यांचे काम होते. खेळणे म्हणून ते घडविलेले नव्हते. विशेष असे की, त्या कारागिराने सर्वांना एकाच मापाचे केले नाही. कोणी उंच आहे, कोणी ठेंगणा. दोन्ही लोकांचा वर्ण, वेष आणि शस्त्रे निरनिराळी आहेत, आणि ढालींवरील गुरांच्या कातड्याचे ठिपकेही वेगवेगळे रंगविलेले आहेत. सैनिक हा आधी माणूस आहे ही जाणीव इतक्या प्राचीन काळी त्या सुताराला होती. पुढच्या कारागिरांना ती पुन्हा मिळवावी लागली.

यूरोपात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूरेंबर्ग येथे योहान हिल्पर्ट या कथीलकाम करणाऱ्या कारागिराने फ्रेडरिक द ग्रेट याच्या सैन्याच्या चपट्या मूर्ती ओतावयास आरंभ केला. पाटीच्या दगडावर आकृती उलटी कोरावयाची, त्या दोन दगडांमध्ये वितळलेले कथील ओतावयाचे आणि निघालेला कागदासारखा पातळ शिपाई रंगवावयाचा, अशी ही रीत होती. पुढे एकोणिसाव्या शतकात त्याच नगरात हाइनरिक्सन या घराण्याने या मूर्तींची उंची सुमारे ३० मिलिमीटर ठरवून टाकली आणि अन्य कारखानदारांनीही तेच माप उचलले. रंगकाम घरोघरी बायका आणि मुले करीत. आणि हे शिपाई विकले कसे जात? तर लाकडी डबीत भरून, वजनावर! सैनिक वजनावर विकला जावा, यात त्या काळाच्या युद्धनीतीचेच प्रतिबिंब पडले आहे असे म्हणावयास हरकत नाही. फ्रेडरिकची रणनीती रांगेवर आधारलेली होती. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला वेगळा चेहरा असण्याचे कारणच नव्हते.

आता पहिल्या प्रश्नाकडे, ‘मी कोठे उभा होतो?’ याकडे वळू. हा प्रश्न एका माणसाने इतक्या निष्ठेने विचारला की, त्यापायी तो कर्जात बुडाला. त्याचे नाव विल्यम सायबॉर्न. वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ रोजी झाली. सायबॉर्न त्या लढाईत नव्हता. तो त्यानंतर यूरोपात गेलेल्या सैन्यातील एक तरुण अधिकारी होता. भूमापन आणि नकाशे यांत त्याचा हात चांगला बसलेला होता. १८३० मध्ये ब्रिटिश सरसेनापती लॉर्ड हिल यांच्या वतीने त्याच्यावर एक काम सोपविण्यात आले, ते वॉटर्लूच्या रणभूमीची संपूर्ण प्रतिकृती तयार करण्याचे. सायबॉर्न रणभूमीवर गेला. लढाईत जिच्याभोवती घनघोर रण माजले होते त्या ला हे सेंत नावाच्या शेतवाडीत तो सुमारे आठ महिने राहिला आणि त्याने तेथील प्रत्येक चढउतार, वाट आणि कुंपण मोजून काढले.

जमीन मोजता येते. परंतु पंधरा वर्षांपूर्वी तिच्यावर उभी असलेली माणसे कशी मोजावयाची? सायबॉर्नने त्यासाठी एक साधा, पण त्या काळी अपूर्व असा मार्ग काढला. लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना त्याने पत्रे पाठविली. संध्याकाळी सातच्या सुमारास, नेपोलियनच्या इंपीरियल गार्डचा शेवटचा हल्ला आला त्या क्षणी, तुमची पलटण नेमकी कोठे होती, कोणत्या रचनेत होती, समोर शत्रू कोण होता आणि शेतात पीक कोणते होते, असे प्रश्न त्याने विचारले. शेकडो उत्तरे आली. एकाच लढाईविषयी इतक्या प्रत्यक्षदर्शींची साक्ष पद्धतशीरपणे गोळा करण्याचा असा यत्न त्यापूर्वी क्वचितच झाला असेल. तो घडला एका खेळणेवजा वस्तूसाठी, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ग्रंथ लिहिणाऱ्याला ‘उजव्या बाजूस थोडे पुढे’ असे लिहून सुटका करून घेता येते. ज्याला शिपाई प्रत्यक्ष चिकटवावयाचा असतो त्याला तो कोठेतरी एकाच ठिकाणी चिकटवावा लागतो.

प्रतिकृती १८३८ मध्ये लंडनच्या ईजिप्शियन हॉलमध्ये लोकांसाठी खुली झाली. सुमारे सहा मीटर लांबीरुंदीच्या त्या रणभूमीवर दहा मिलिमीटर उंचीचे ७० हजारांहून अधिक शिपाई उभे होते. जमीन सुमारे सहाशे पटींनी लहान केलेली होती. त्या हिशेबाने माणूस तीन मिलिमीटरचाच व्हावयास हवा. पण तेवढा शिपाई ओतणार कसा आणि दिसणार कसा? म्हणून शिपाई जमिनीच्या मानाने मोठे घेतले आणि एक शिपाई दोन माणसांच्या जागी उभा केला. दोन माणसांना मिळून एक देह! न्यूरेंबर्गच्या तराजूचे तत्त्व येथे निराळ्या रूपाने प्रकट झाले.

सायबॉर्नच्या मार्गात दोन संकटे आली. पहिले संकट पैशाचे. मंत्रिमंडळ बदलले आणि नव्या सरकारने १८३३ मध्ये या कामासाठी अधिक पैसा देण्याचे नाकारले. आधीच्या राजवटीत मंजूर झालेली योजना नंतरच्या राजवटीत अनाथ होते, हा अनुभव सरकारी कचेऱ्यांत वावरलेल्या कोणालाही नवा नाही. सायबॉर्नने स्वतःच्या आणि उसनवारीच्या पैशाने काम पुरे केले. प्रदर्शनाला तिकीट काढून सुमारे एक लाख लोक आले असे सांगतात. तरीही त्याचे देणे फिटले नाही.

दुसरे संकट पैशाहून बिकट होते. संध्याकाळी सात वाजता प्रशियाचे सैन्य रणभूमीवर किती पुढे आलेले होते, हा तो प्रश्न. सायबॉर्नच्या पुराव्यांनुसार ते पुष्कळ आत येऊन पोहोचले होते, आणि त्याने ते तसे उभे केले. वेलिंग्टनच्या बाजूच्या मंडळींना हे रुचले नाही. कारण विजयाचा वाटा कोणाला किती, याचा निवाडाच त्या चिमुकल्या शिपायांनी करून टाकला होता. वेलिंग्टन स्वतः लढायांच्या इतिहासाविषयी साशंक असे. लढाईचा वृत्तांत सांगणे हे नृत्यसमारंभाचा वृत्तांत सांगण्यासारखेच आहे, कोणती घटना कोणत्या क्षणी घडली हे कोणालाच नेमके आठवत नाही, अशा आशयाचे त्याने १८१५ मध्येच लिहून ठेवले होते. पत्रव्यवहार झाला, सूचना झाल्या, आणि अखेरीस सायबॉर्नने प्रशियन शिपायांपैकी मोठा भाग प्रतिकृतीवरून उचलून घेतला. हे त्याने दडपणाने केले की नव्या पुराव्याने त्याचे मत पालटले, याविषयी इतिहासकारांत अद्याप वाद आहे. त्याने १८४४ मध्ये या मोहिमेचा इतिहास दोन खंडांत प्रसिद्ध केला आणि १८४९ मध्ये तो वारला. त्याला आलेल्या पत्रांतील निवडक पत्रे त्याच्या मुलाने १८९१ मध्ये छापली. मूळ पत्रे ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि प्रतिकृती लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. तेथे ती पाहणाऱ्याने जे शिपाई आहेत त्यांच्याइतकेच जे नाहीत तेही आठवावेत.

नखाएवढ्या शिपायाचा प्रश्न हा असा राज्यकर्त्यांनाही अडचणीत आणणारा होता. बोटाएवढ्या शिपायाचा प्रश्न वरकरणी पुष्कळ निरुपद्रवी दिसतो. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन या खेळणी करणाऱ्या कुटुंबाने पोकळ ओतकामाची युक्ती काढली. वितळलेले शिसे साच्यात ओतावयाचे. साच्याला लागून असलेला थर गोठला की मधले शिसे परत बाहेर काढावयाचे. शिपाई पोकळ झाला, हलका झाला आणि स्वस्त झाला. त्याची उंची ५४ मिलिमीटर ठरली, म्हणजे खऱ्या माणसाच्या सुमारे बत्तिसाव्या हिश्शाची. या उंचीवर डगल्याचा रंग, गळपट्टी, बिल्ले, टोपीवरचा तुरा हे सारे दाखविता येते. म्हणून पलटणी-पलटणींचे निरनिराळे संच निघाले आणि ‘मी काय ल्यालो होतो?’ हा प्रश्न घराघरांतील मुले विचारू लागली.

त्या संचांत हिंदी शिपाईही होते. मुंबई, मद्रास आणि बंगाल येथील पलटणींचे घोडेस्वार व पायदळ ब्रिटनच्या पेट्यांतून इंग्लंडभर गेले. पागोट्याचा रंग, डगल्याचा रंग, भाल्यावरील निशाण हे पलटणीनुसार बदले. चेहरा मात्र एकाच तपकिरी रंगाचा. त्यावर काळ्या मिशीची एक रेघ आणि डोळ्यांचे दोन ठिपके, की झाला हिंदी शिपाई. मग तो सातारचा असो, पेशावरचा असो वा तंजावरचा असो. यात कारागिराचा दोष काढणे न्यायाचे होणार नाही. त्या उंचीवर डोळा जेमतेम एक मिलिमीटर रुंद होतो. गोऱ्या शिपायाचा चेहराही तेथे एकाच गुलाबी रंगाचा होता. तरीही खेळात कोणी कोणती बाजू घ्यावयाची हे ठरलेलेच असे. विन्स्टन चर्चिलने आपल्या १९३० मधील आत्मचरित्रात बालपणीच्या खेळाचे वर्णन केले आहे. त्याच्यापाशी सुमारे दीड हजार शिपाई होते, सारे ब्रिटिश. धाकटा भाऊ शत्रुपक्षाचा सेनापती; परंतु दोघांतील करारानुसार त्याने केवळ काळ्या वर्णाचे शिपाई घ्यावयाचे आणि तोफा मुळीच ठेवावयाच्या नाहीत! चर्चिलने हे गमतीने सांगितले आहे. आपण ते वाचताना गमतीच्या पलीकडचेही काही वाचतो.

आपल्याकडे सैनिकाची मूर्ती नव्हती असे नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभारून त्यावर शिवाजी महाराज आणि मावळे मांडण्याची चाल महाराष्ट्रात घरोघरी आहे. त्या मावळ्यांचे माप किल्ल्याशी जुळत नाही. तटापेक्षा पहारेकरी उंच असतो आणि दरवाजापेक्षा गवळण मोठी. पण सायबॉर्नलाही जमीन आणि माणूस यांचे माप जुळविता आले नव्हते, हे आठवले म्हणजे आपल्या मुलांना हसण्याचे कारण उरत नाही. मातीच्या यथातथ्य मूर्ती घडविण्याची परंपराही येथे होती. बंगालमधील कृष्णनगर, तसेच लखनौ आणि पुणे येथील कारागीर एकोणिसाव्या शतकात नाना जातींच्या आणि धंद्यांच्या माणसांच्या रंगीत मूर्ती करीत आणि त्या परदेशांतील प्रदर्शनांत वाखाणल्या जात. त्या मूर्तींना चेहरे होते. परंतु त्यांच्याकडे पाहणाऱ्या परदेशी प्रेक्षकाला त्यांत माणूस दिसण्याऐवजी बहुधा नमुना दिसे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही कला खेळण्यांपासून दूर होऊ लागली. शिसे विषारी असल्याची जाणीव वाढली आणि ब्रिटनच्या कारखान्याने १९६६ मध्ये शिशाचे शिपाई करणे थांबविले. प्लॅस्टिक आले. फ्रान्समधील हिस्टोरेक्स या संस्थेने नेपोलियनच्या सैन्याचे असे संच काढले की, त्यांतील शेकडो सुटे भाग बदलून मनाजोगता सैनिक जोडता येई. आता प्रौढ अभ्यासक या छंदात उतरले आणि त्यांनी जुन्या चित्रांवर शंका घ्यावयास आरंभ केला. इंपीरियल गार्डचा शिपाई म्हटला की अस्वलाच्या कातड्याची उंच टोपी आणि छातीवर पांढरे पट्टे असलेला निळा डगला डोळ्यांपुढे येतो. तो वेष संचलनाचा. १८१५ च्या जूनमध्ये घाईने उभ्या केलेल्या काही पलटणींना त्या टोप्या पुरेशा मिळाल्याच नव्हत्या, आणि चिखलपावसातून चालत आलेले पुष्कळ शिपाई साध्या निळ्या लांब कोटांत लढले. गणवेशाचे तेज आणि रणांगणाचा चिखल यांत फरक करावयास ही मूर्ती शिकवू लागली.

मोठ्या उंचीचा सैनिक मात्र शिशाने किंवा प्लॅस्टिकने सहज दिला नसता. शिशाचा वीतभर शिपाई फार जड होतो. प्लॅस्टिकसाठी पोलादी साचे कोरावे लागतात. तो खर्च हजारो प्रती खपल्या तरच भरून निघतो, आणि हजारो प्रती खपतात त्या केवळ प्रसिद्ध सैनिकांच्या. रेझिनने हे गणित पालटले. मूर्तिकाराने घडविलेल्या मूळ तुकड्याभोवती सिलिकॉन रबर ओतले की साचा तयार होतो. तो लवचिक असल्यामुळे कापडाची खोल चुणीसुद्धा त्यातून न मोडता बाहेर येते. त्यात दोन द्रव मिसळून ओतले की थोड्याच वेळात ते दगडासारखे घट्ट होतात. असा साचा काही डझन प्रतींनंतर झिजतो; पण तो स्वस्त असल्यामुळे तेवढ्या प्रतींतही खर्च निघतो. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांच्यासारख्यांनी १९८० च्या दशकात १२० मिलिमीटर आणि त्याहून मोठ्या अशा रेझिनच्या मूर्ती जगभर पोहोचविल्या. आता मूळ मूर्ती संगणकावर घडवून यंत्राने छापलीही जाते. साचा स्वस्त झाला, म्हणून ज्याला फारसे कोणी ओळखत नाही अशा सैनिकालाही मूर्ती मिळण्याची सोय झाली. इतिहासात कोणाला जागा मिळावी हे कधीकधी साच्याच्या किमतीवरही ठरते!

ही मूर्ती उभी करण्याचे काम धिमेपणाचे आहे. ओतताना साच्याचा तेलकटपणा तुकड्यांना चिकटलेला असतो. म्हणून ते प्रथम साबणाच्या कोमट पाण्याने धुवावे लागतात, अन्यथा पुढे रंग सुटतो. प्रत्येक तुकड्याला ओतकामाचा एक जाडसर ठोकळा चिकटलेला असतो, तो बारीक करवतीने कापावा लागतो. रेझिनची भुकटी फुप्फुसांना अपायकारक असते; म्हणून घासताना कागद ओला ठेवतात आणि नाकातोंडाला पट्टी बांधतात. बंदुकीची नळी वाकलेली निघाली तर ती गरम पाण्यात धरून सरळ करतात. मग तुकडे डिंकावाचून एकमेकांना लावून पाहावयाचे. खांद्याच्या आणि पायाच्या सांध्यांत बारीक भोके पाडून पितळी तारेचे तुकडे बसवावयाचे, म्हणजे वजन तारेने पेलले जाते आणि डिंक केवळ धरून ठेवतो. उरलेल्या फटींत लांबी भरून, ती सुकल्यावर घासून, सर्वांगावर राखी अस्तर द्यावयाचे. या राखी अवस्थेत प्रत्येक दोष उघडा पडतो.

रंगकामात एक चमत्कारिक अडचण येते. खऱ्या माणसाच्या डगल्याच्या चुणीत सावली पडते ती सूर्यामुळे. मूर्तीची चुणी इतकी उथळ असते की दिव्याच्या उजेडात तिच्यात तशी सावली पडतच नाही. म्हणून सावली आणि उजेड दोन्ही रंगवावे लागतात. प्रकाश कोणत्या बाजूने येतो हे आधी ठरवावयाचे आणि मग त्याच्याशी शेवटच्या गुंडीपर्यंत इमान राखावयाचे. लोकरीवर उजेड पसरतो, कातड्यावर तो तुटकपणे चमकतो, पितळेवर एका बिंदूत गोळा होतो. एकाच रंगाच्या डबीने हे तिन्ही दाखविता येत नाहीत.

आणि सर्वांत शेवटी, किंबहुना पुष्कळ कारागिरांच्या मते सर्वांत आधी, चेहरा. २०० मिलिमीटरच्या मूर्तीत डोके सुमारे अडीच सेंटिमीटरचे आणि डोळा तीन मिलिमीटरांहून थोडा रुंद होतो. आता दोन ठिपक्यांनी भागत नाही. पापणी किती मिटलेली आहे, डोळ्याचे पांढरे किती मळकट आहे, गालाचे हाड उन्हाने किती भाजले आहे, दाढी किती दिवसांची आहे, नजर समोर आहे की दूर कोठे लागली आहे, हे सारे ठरवावे लागते. रंगविणारा येथे थांबतो. टोपीचा रंग पुस्तकात सापडतो. नजरेचा रंग पुस्तकात सापडत नाही. वीतभर उंचीच्या सैनिकाचा प्रश्न येथे येऊन उभा राहतो, ‘मी कोण होतो?’

हा प्रश्न आपल्याला परका नाही. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून १० लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. १९१४ च्या सप्टेंबरअखेर जे हिंदी सैन्य मार्सेय बंदरात उतरले, त्यांतील पुष्कळांच्या अंगावर सुती खाकी होती आणि समोर फ्लँडर्सचा हिवाळा होता. मेसोपोटेमियात कूट येथे १९१५ च्या डिसेंबरात वेढा पडला, तेव्हा आत अडकलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने टेकीस येऊन त्या सैन्याने शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार लोक कैदेत गेले आणि त्यांतील हजारो परतले नाहीत. अशा एका मराठा शिपायाची मूर्ती कोणी रंगवावयास घेतली तर पुस्तके त्याला पुष्कळ सांगतील. पायांना गुंडाळलेल्या पट्ट्यांचा रंग ती सांगतील. इंग्रजीतील ‘पट्टीज’ हा शब्दही आपल्याच पट्टीवरून गेलेला आहे. खाकीची छटा ती सांगतील. खाक म्हणजे धूळ, त्या शब्दाचे मूळही पूर्वेकडचेच. परंतु पाच महिन्यांच्या उपासमारीनंतर त्या माणसाचा गाल किती आत गेला होता? घोड्याचे मांस खावे की न खावे या विवंचनेत त्याने किती दिवस काढले होते? या प्रश्नांना उत्तर दिल्यावाचून त्या चेहऱ्यावर कुंचला टेकविता येत नाही.

सातारा, रत्नागिरी या जिल्ह्यांतील कित्येक गावांत त्या युद्धाची एक संगमरवरी पाटी भिंतीत बसविलेली दिसते. या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले आणि त्यांतील इतक्यांनी प्राण दिले, एवढेच तिच्यावर असते. आकडा असतो, नाव नसते. भारतात अन्यत्रही अशा पाट्या आहेत. त्या पाटीवरील माणूस आजही सायबॉर्नच्या शिपायाच्या उंचीचा आहे. तो मोजलेला आहे. तो कोठे गेला होता हे ठाऊक आहे. पण त्याला चेहरा मिळालेला नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. रंगविणारा जो चेहरा देतो तो त्या शिपायाचा खरा चेहरा नव्हे. तो मूर्तिकाराच्या आणि रंगविणाऱ्याच्या कल्पनेतून आलेला असतो. मूर्ती जितकी हुबेहूब, तितका तिला पुरावा समजण्याचा मोह अधिक. आणि गणवेशाच्या झगमगाटात युद्धाची भीषणता विसरण्याचा धोकाही तितकाच खरा. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये शिशाच्या शिपायांच्या खेळावर एक पुस्तक लिहिले. खऱ्या युद्धाच्या मानाने हे लुटुपुटूचे युद्ध किती शहाणपणाचे आहे, हाच त्याचा मथितार्थ होता. पुढच्याच वर्षी खरे युद्ध पेटले. शिपायांच्या मूर्तींनी युद्ध टळत नाही, तसेच त्यांच्या योगे मेलेल्याचे नावही परत मिळत नाही.

मग या मूर्तीचा उपयोग काय? माझ्या मते तो असा. तुकडे जोडून झाले, अस्तर सुकले, कोट रंगला, पट्टे रंगले. आता चेहरा तेवढा उरला. त्या घटकेला कारागिराला उठून शोध घ्यावा लागतो. तो पलटणीचा इतिहास उघडतो, जुनी छायाचित्रे पाहतो, पत्रे वाचतो. एखादा आपल्याच गावच्या पाटीसमोर जाऊन उभा राहतो आणि तेथील वृद्धांना विचारतो, की यांतले कोणाच्या घरचे? एखाद्या घरात एखादे नाव अजून आठवणीत असते. एखादे पदक ट्रंकेच्या तळाशी असते. आकड्यांतून एक माणूस तेवढा मोकळा होतो. सायबॉर्नने नखाएवढ्या शिपायासाठी शेकडो पत्रे लिहिली आणि त्यातून वॉटर्लूच्या इतिहासाचा एक अमोल साठा निर्माण झाला. त्याने विचारले ते अधिकाऱ्यांना, आणि विचारले ते ‘कोठे’ एवढेच. ‘कोण’ हा प्रश्न आपल्या गावच्या शिपायांविषयी विचारावयाचा अजून पुष्कळ शिल्लक आहे, आणि त्याची उत्तरे ज्या म्हाताऱ्या माणसांपाशी आहेत त्यांना फार काळ थांबता येणार नाही.